काठी सर्वांत शेवटी घ्या



रविवार उजाडला की कल्याणच्या दुर्गाडीखालच्या खाडीवर, डोंबिवलीच्या मोठागाव रेतीबंदरावर किंवा ठाण्यात गायमुखच्या बाजूला एक फेरी मारून पाहा. दगडांवर उकिडवी बसलेली माणसे पाण्याकडे डोळे लावून असतात. त्यात रिक्षा चालवणारे असतात, रात्रपाळी संपवून तसेच आलेले कामगार असतात, दहावी-बारावीची मुले असतात. कुणाच्या हाती बांबू, कुणाच्या हाती नुसती बाटलीला गुंडाळलेली तंगूस, तर कुणाकडे चकचकीत रॉड आणि सोनेरी रीळ. गंमत अशी, की संध्याकाळी पिशवीत मासा असतो तो बहुधा बाटलीवाल्याच्या. सोनेरी रीळवाला गुंता सोडवत बसलेला असतो.

हा दैवाचा भाग नाही. खरेदीचा क्रम चुकल्याचा भाग आहे. आमच्या वस्तीतली तरुण मुले गळ टाकायला जातात, तेव्हा बहुतेकांची सुरुवात दुकानातल्या काचेच्या कपाटापासून होते. कपाटात सर्वांत उंच, सर्वांत चमकदार आणि सर्वांत महाग वस्तू काठीच असते. म्हणून ती आधी घेतली जाते. मग रीळ. पैसे संपत आले की दोरा आणि गळ दुकानदार देईल तो. वास्तविक माशाच्या तोंडात काठी जात नाही, गळ जातो. ओढ बसते ती दोऱ्यावर. म्हणजे ज्या दोन वस्तूंवर सगळे काम अवलंबून, त्याच सर्वांत हलक्या घेतल्या जातात.

आम्ही पडलो कारकून. कोणताही खर्च दिसला की दोन रकाने आखल्याशिवाय चैन पडत नाही. पंधरा-वीस हजारांवर महिना काढणाऱ्या घरात दोन-अडीच हजारांचे सामान म्हणजे मुलाच्या क्लासची फी किंवा महिन्याचा किराणा. ते सामान दोन रविवारांत माळ्यावर जाऊन पडले, तर तो तोटा घरातल्या प्रत्येकाचा. म्हणून हा लेख. सांगायचे एकच आहे : आधी पाणी पाहा, मग मासा ठरवा, त्याला शोभेल तो गळ आणि दोरा घ्या आणि काठी सर्वांत शेवटी घ्या.

आधी पाणी ओळखा

आपल्या भागात तीन तऱ्हेचे पाणी आहे. पहिले तलावाचे. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात : मासुंदा, उपवन, कचराळी ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. कल्याणात काळा तलाव आहे. हे पाणी संथ, काठ बांधलेला आणि खोली फार नाही. येथे हलके सामान चालते.

दुसरे नदीचे. उल्हास नदी लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावून कर्जत, बदलापूर, रायते करीत मोहन्याच्या बंधाऱ्याशी येते. टिटवाळ्याची काळू आणि खडवलीची भातसा यांचे पाणीही पुढे तिलाच मिळते. बंधाऱ्याच्या वरचे पाणी गोडे. तळाशी दगड आहेत, पावसाळ्याबाहेर ओढ बेताची असते आणि उन्हाळ्यात जलपर्णी पसरते. जलपर्णीत गळ अडकला की बारीक दोरा तुटतोच, म्हणून येथे दोरा थोडा जाड हवा.

तिसरे खाडीचे. ठाण्याच्या पूर्वेला कळवा-कोपरीकडे ठाणे खाडी आणि उत्तरेला कल्याण-डोंबिवलीकडून गायमुख, घोडबंदरवरून वसईला जाणारी उल्हास खाडी. दोन्हींना भरती-ओहोटी आहे, दोन्हींच्या काठी कांदळवन आहे. पावसाळ्यात कल्याणकडचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि उन्हाळ्यात खारेपण वर चढते. दगडांना आणि पुलाच्या खांबांना कालवे चिकटलेली असतात. त्यांची धार ब्लेडसारखी. जो दोरा तलावावर वर्षभर टिकतो, तो येथे एका सकाळीत कापला जातो.

तिन्ही पाण्यांसाठी एकच सामान असे दुकानदार सांगतो. काही प्रमाणात ते जमवता येते, ते पुढे सांगतोच. पण आपण वर्षातून जास्त वेळा कुठे बसणार, हे घरून ठरवूनच दुकानाची पायरी चढावी.

आणखी एक. पाणी दिसले म्हणजे गळ टाकायला मोकळे, असे नाही. अनेक तलावांतली मासेमारी ठेक्याने किंवा मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेली असते. तेथे आधी विचारावे. ठाणे खाडीचा पश्चिमेकडचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नये. धरणांच्या जलाशयांवर पाटी वाचावी.

मग मासा ठरवा

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपले कल्याण नव्हे. त्या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असा एक भागच आहे. कोणते मासे समुद्राचे, कोणते गोड्या पाण्याचे, कोणाला कोणते खाद्य आवडते, हे त्यात मांडले आहे. राजाच्या दृष्टीने तो विनोद होता. कोळी, भोई आणि नदीकाठच्या कष्टकरी माणसांना हे ज्ञान पोटासाठी लागत होते आणि ते त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथाशिवाय जपले. आजही चेंदणी कोळीवाड्यातल्या एखाद्या जुन्या कोळीबाबांना विचारा. ते आधी विचारतील, ‘कुठला मासा पाहिजे?’ रॉड कोणत्या कंपनीचा, हे ते विचारणार नाहीत.

तलावात आणि नदीत मुख्यत्वे रोहू, कटला, मृगळ आणि तिलापिया मिळतात. यांची तोंडे नीट पाहा. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून एकाच तलावात तरंगा किती उंचीवर बांधायचा, हे मासा ठरवतो. तिघांनाही भिजवलेली कणीक, पाव आणि गांडूळ चालते. तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतला. भारतात तो १९५२ साली आणला गेला. आता डबक्यातही सापडतो आणि नवशिक्याला हमखास मिळणारा मासा हाच. मरळ मात्र शिकारी. ती काठच्या गवतात दबा धरून असते आणि जिवंत हालचालीवर झडप घालते. पाण्याच्या वर लालसर पिलांचा घोळका दिसला तर खाली मरळ राखणीला असते. त्या वेळी तिला गळ टाकू नये. एक मरळ जाते आणि तिच्यामागे शेकडो पिले जातात.

खाडीत बोय, शिंगाळा, तांबोशी, जिताडा आणि चिंबोरी. बोयीचे तोंड इवलेसे, तिला बारीक गळ आणि कणकेची लहान गोळी. शिंगाळा तळाशी काहीही खातो. तांबोशी आणि जिताडा पुलाच्या खांबाशी आणि कांदळवनाच्या मुळांशी राहतात. त्यांना कोलंबी लागते, तीही ताजी. जिताड्याच्या कल्ल्याच्या कडा धारदार असतात आणि बारीक दोरा त्यावर घासून तुटतो.

गळ : उलटे गणित

गळाच्या आकड्यांत बरेच जण फसतात. साध्या आकड्यांत आकडा जितका मोठा, गळ तितका लहान. म्हणजे १० नंबरचा गळ ६ नंबरपेक्षा बारीक. १ नंबरच्या पुढे मात्र गणित फिरते. १/०, २/०, ३/० असे आकडे लागतात आणि तेथे आकड्याबरोबर गळ मोठा होत जातो.

लक्षात ठेवायला सोपे करून सांगतो. तिलापिया आणि बोय : ८ ते १०. रोहू, कटला, मृगळ : ४ ते ६. शिंगाळा : १ किंवा १/०. मरळ आणि तांबोशी : १/० ते ३/०. जिताडा : २/० ते ४/०. शंका आली तर लहान गळ घ्यावा. लहान गळावर मोठा मासा लागू शकतो, मोठ्या गळाला लहान तोंडाचा मासा आमिष कुरतडून निघून जातो.

गळ घेताना टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून पाहा. नखावर रुतले तर टोक चांगले, घसरले तर तो गळ नको. पक्कडीने किंचित वाकवून पाहा. मेणासारखा वाकला किंवा कटकन मोडला तर तसा माल परत करा. खाडीसाठी कल्हई किंवा निकेलचा मुलामा असलेला गळ घ्यावा, नाहीतर दोन आठवड्यांत गंज चढतो. एका नामांकित म्हणून सांगितलेल्या पाकिटातले अर्धे गळ बोथट निघाल्याचे आम्ही स्वतः अनुभवले आहे. दुकान कोणते, ते सांगण्याची गरज नाही. पाकीट दुकानातच उघडून पाहावे, एवढेच.

दोरा : येथे काटकसर नको

नायलॉनचा एकेरी दोरा म्हणजे आपली तंगूस. तिच्या पुडीवर दोन आकडे असतात : जाडी मिलिमीटरमध्ये आणि ताकद किलोमध्ये. जाडीवर भर द्यावा. ताकदीचा आकडा कोरड्या आणि गाठ नसलेल्या दोऱ्याचा असतो. गाठ मारली, दोरा भिजला, की ताकद घटते. ढोबळमानाने ०.२० मिलिमीटरचा दोरा अडीच-तीन किलो, ०.३० चा पाच-सहा किलो आणि ०.४० चा नऊ-दहा किलो ओढ सोसतो. एखाद्या पुडीवर ०.२० जाडी आणि पंधरा किलो ताकद असे छापलेले दिसले, तर ती पुडी खाली ठेवावी.

तिलापियासाठी ०.२० ते ०.२५, रोहू-कटल्यासाठी ०.३० ते ०.३५, खाडीसाठी ०.३५ ते ०.४०. तांबोशी-जिताड्यासाठी गळाच्या वर दोनेक फूट ०.६० चा जाड तुकडा जोडावा आणि मधे एक फिरकी बसवावी. तुटायचा तर तेवढा तुकडा तुटतो, बाकी दोरा वाचतो.

हल्ली विणलेला रंगीत दोरा, म्हणजे ब्रेड, खूप विकला जातो. तो बारीक असून बळकट असतो, ताणत नाही आणि हाताला लगेच खबर देतो, हे खरे. पण तो महाग आहे, कालवांवर घासला की पटकन कातला जातो आणि ओढ बसली तर बोट कापतो. नवशिक्याच्या आणि मुलांच्या हाती तो देऊ नये. दोन वर्षे नायलॉनवर हात बसू द्यावा.

नायलॉनचा शत्रू ऊन. गॅलरीत लोंबकळत ठेवलेला दोरा महिन्या-दोन महिन्यांत कुजका होतो. कापडी पिशवीत, अंधारात ठेवावा. आणि गाठ? गळाच्या डोळ्यातून दोरा ओवून मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, टोक डोळ्याशेजारच्या पहिल्या फटीतून काढावे, थुंकीने ओले करावे आणि सावकाश आवळावे. कोरडी गाठ झटक्याने आवळली तर दोरा घासून तापतो आणि तेथेच तुटतो. ही एक गाठ घरी बसून पन्नास वेळा मारा. तिला पैसा लागत नाही आणि तुटलेले मासे वाचतात.

शिसे आणि भरती

तलावात तरंग्याखाली शिशाची बारीक गोळी पुरते. तरंगा सरळ उभा राहील एवढेच वजन. खाडीत मात्र ओहोटीची ओढ जबर असते आणि तेथे ३० ते ६० ग्रॅम शिसे लागते. शिसे तळाशी टिकत नसेल तर जड लावावे किंवा पाणी थांबायची वाट पाहावी.

येथे पंचांगाचा खरा उपयोग आहे. आमचे आगरी-कोळी शेजारी जुना ठोकताळा सांगतात : तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. ही मुंबईच्या किनाऱ्याची वेळ. खाडीतून पाणी कल्याणपर्यंत चढायला आणखी वेळ लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर भरती साडेचार मीटरच्याही वर जाते आणि ओढ सर्वांत जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. हलके सामान असेल तर भांगाचे दिवस निवडावेत. म्हणजे जे काम जड रॉड घेऊन करायचे, ते तारीख पाहून फुकटात होते. ग्रहणे आणि मुहूर्त बाजूला ठेवा. चंद्राची ही ओढ मात्र विज्ञानाची आहे.

शिशाबद्दल एक कळकळीची सूचना. शिसे विषारी आहे. गोळी दाताने चावून दाबायची सवय अनेकांना असते, ती सोडा. चुलीवर शिसे वितळवून घरी वजने ओतू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडू नका. शिशाच्या गोळ्या गिळून राजहंस मरू लागले, म्हणून ब्रिटनने १९८७ सालीच लहान शिसे-वजनांवर बंदी घातली. खाडीत साधा दगड किंवा जुना लोखंडी नट बांधूनही काम होते.

आता रीळ आणि काठी

इथपर्यंत आलात की काठी निवडणे सोपे. काठीच्या मुठीजवळ दोन गोष्टी छापलेल्या असतात : लांबी आणि फेकायचे वजन. तलावासाठी सहा-सात फूट आणि १० ते ३० ग्रॅम. खाडीसाठी नऊ-दहा फूट आणि ४० ते ८० ग्रॅम. दोन्हीकडे एकच काठी न्यायची असेल तर सात-आठ फूट, २० ते ५० ग्रॅम, मध्यम ताठ. तलावावर ती थोडी जड वाटेल, खाडीत उधाणाच्या दिवशी कमी पडेल, पण वर्षभराचे काम निभावेल.

आपण लोकलने जाणारी माणसे. सकाळच्या कर्जत किंवा कसारा गाडीत आठ फुटांची अखंड काठी नेणार कशी? म्हणून घडीची म्हणजे टेलिस्कोपिक किंवा तीन तुकड्यांची काठी घ्यावी. घडीची काठी नळीत वाळू गेली की अडकते, ती पाण्याने धुऊन, पुसून, मगच बंद करावी. तुकड्यांची काठी अधिक टिकते. फायबर ग्लासची काठी जड पण दणकट, कार्बनची हलकी पण ठिसूळ. दारात आपटणारी, भावंडांच्या हातात पडणारी काठी फायबरची असलेली बरी.

दुकानात काठीच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तेथे तडा आहे आणि तोच तडा पुढे दोरा कापणार. रीळ हातात घेऊन मूठ सावकाश फिरवा, खरखर नको. तारेची कमान उघडून मूठ फिरवल्यावर खटकन बंद व्हावी. ‘बारा बेअरिंग, तेरा बेअरिंग’ याला भुलू नका. स्वस्त तेरा बेअरिंगपेक्षा चार चांगली बरी. रीळचा आकार ३००० किंवा ४००० घ्या.

रीळचा ब्रेक हा रीळचा प्राण. तो दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा लावायचा. दोरा सहा किलोचा असेल तर दीड-दोन किलो ओढीला रीळ फिरले पाहिजे. सामानाची बॅग तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याने हे घरीच पाहता येते. ब्रेक घट्ट करून ठेवणाऱ्याचा मोठा मासा पहिल्याच झटक्यात दोरा तोडून जातो आणि दोष दोऱ्याला लागतो.

पावती घ्यावी. पावतीशिवाय तक्रार नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि तो काठीलाही लागू आहे.

पहिल्या खरेदीचा हिशेब

आता रकाने. पहिले तीन महिने काठी नको. तीसेक मीटर ०.३५ ची तंगूस, पाच-सहा गळ, दोन-तीन वजने आणि गुळगुळीत अंगाची रिकामी प्लास्टिक बाटली. दोरा बाटलीला नीट गुंडाळायचा, वजन हाताने भिरकवायचे, बाटलीचे तोंड पाण्याकडे धरले की दोरा सरसर सुटतो. खर्च दोनशे रुपयांच्या आत. मासा लागल्याची खबर थेट बोटाला येते आणि हात तयार होतो.

तलावाकाठी बसणाऱ्याने दहा-बारा फुटांचा सरळ, वाळलेला बांबू घ्यावा, बांबूएवढाच दोरा, एक तरंगा, एक गळ. तिलापियासाठी याहून काही लागत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींना हेच द्यावे. होय, मुलींनाही. तासन्‌तास शांत बसून लक्ष ठेवण्यात मुली कुठेही मागे नाहीत.

तीन महिन्यांनंतरही आवड टिकली तर रीळ-काठीचा जोड घ्यावा. हजार-दीड हजारांत कामचलाऊ जोड मिळतो. त्यासोबत येणारा फुकटचा दोरा काढून टाकून चांगला दोरा भरावा. दोघा-तिघांनी मिळून एक जोड घेतला तरी चालतो. पाण्याशी बसल्यावर एकाच्या हाती काठी, दुसऱ्याच्या हाती बाटली, काही बिघडत नाही. पिशवीत पक्कड, कात्री, जुने फडके, पाण्याची बाटली आणि जखमेची पट्टी असावी. खाडीवरून आल्यावर सगळे सामान गोड्या पाण्याने धुवावे. मिठाने जितकी रीळे मरतात तितकी माशांनी मरत नाहीत.

सामानाहून जीव मोठा

हे वाचायला कंटाळा करू नका. कार्बनची काठी वीज वाहून नेते. आपल्या रेल्वेच्या तारांत २५००० व्होल्टचा प्रवाह असतो. तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असेही नाही. फलाटावर, रुळांजवळ, रेल्वे पुलाशी काठी उघडू नये. विजेच्या तारांखाली गळ फेकू नये. ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवावी.

पावसाळ्यात खडवली, टिटवाळा, रायते येथे नदीत पाय घालू नये. वर डोंगरात पाऊस झाला तर येथे ऊन असतानाही पाणी चढते. बारवी धरण भरले की दरवाज्यांतून पाणी सुटते. २०१९ च्या २७ जुलैला उल्हासचे पाणी बदलापूर-वांगणीदरम्यान रुळांवर आले आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमधल्या हजारावर प्रवाशांना होड्यांतून काढावे लागले. जी नदी आगगाडी अडवते, तिच्यापुढे आपण कोण? खाडीत ओहोटीला मोकळा पडलेला चिखल घट्ट दिसतो, पण कमरेपर्यंत ओढतो आणि मागून भरती येते. गळ अडकला तर दोरा तोडावा, आत उतरू नये. पाच रुपयांच्या गळासाठी घरातला कर्ता मुलगा गमावलेली आई आपल्याला पुन्हा पाहायची नाही.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही कुशींचा काटा विषारी असतो. हाताने धरू नये, फडके आणि पक्कड वापरावी. काटा लागला तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग अर्धा तास बुडवून ठेवावा, वेदना उतरते. मग डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे.

मासा घरी नेण्यापूर्वी

सर्वांत चांगले सामानही वाईट पाण्याला चांगले करीत नाही. वालधुनीच्या पाण्यात गळ टाकूच नये. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरजवळ वालधुनीत रसायन ओतले गेले आणि शेकडो लोकांना वायूचा त्रास होऊन दवाखाना गाठावा लागला. उल्हास खाडीच्या गाळात पारा साठल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. पारा शिजवून जात नाही, तळून जात नाही. तो आईच्या पोटातून बाळापर्यंत जातो. म्हणून कारखान्यांच्या नाल्यांच्या तोंडाशी, फेस किंवा रंग असलेल्या पाण्यात धरलेला मासा घरी आणू नये. गरोदर भगिनींना आणि लहान मुलांना खाडीचा मोठा, तळाचा मासा देऊ नये. मेलेला, तरंगत आलेला मासा कितीही ताजा दिसला तरी सोडून द्यावा. हे पाणी कोणी नासवले, हा प्रश्न वेगळा आणि मोठा. तो विचारण्याचा हक्क काठावर बसणाऱ्याला इतरांहून अधिक आहे, कारण बदल पहिल्यांदा त्यालाच दिसतो. रंग बदलला, मासे मेले, तर तारीख-वेळ लिहून फोटोसह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करावा. अर्जाची पोच घ्यावी.

पहिल्या पावसात चढणीला लागलेला मासा अंड्यांनी भरलेला असतो. तो सोडावा. बोटाएवढे पिलू हात ओला करून, गळ अलगद काढून, परत पाण्यात द्यावे. विदेशी मांगूर लागला तर मात्र तो परत सोडू नये. तो इतर मासे फस्त करतो आणि त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली आहे.

आपल्यात काही घरांना पहिले शील आठवून गळ नकोसा वाटतो. त्यांच्या भावनेचा आदर आहे. जे टाकतात, त्यांनी निदान खाण्यापुरतेच घ्यावे आणि खेळ म्हणून मासा तडफडत ठेवू नये. तुटलेली तंगूस पाण्यात किंवा झुडपात टाकू नये. बगळ्याच्या पायात ती अडकली की तो उपाशी मरतो. ती गुंडाळून खिशात घालून घरी आणावी.

शेवटी हिशेबाची बेरीज. पाणी पाहायला पैसे लागत नाहीत. मासा ओळखायला, गाठ शिकायला, भरतीची वेळ मोजायला पैसे लागत नाहीत. गळ आणि दोऱ्याला शंभर-दोनशे लागतात. काठीला हजार. ज्याने फुकटाचे सगळे आधी शिकून घेतले, त्याचे हजार वाया जात नाहीत. येत्या रविवारी दुकानात जाण्याऐवजी नुसते खाडीवर जाऊन दोन तास बसा. बाटलीवाल्याशेजारी बसा. तो कोणता गळ लावतो, कुठे फेकतो, कधी उठतो, ते पाहा आणि त्याला विचारा. सांगण्यात आपली माणसे कधी कंजूषपणा करीत नाहीत.